बुरुजातल्या पिंपळाचं कोडं

तळ्याच्या बाजूच्या एका गावात कमळ राहते. भात लावते, अंगणवाडीतला खाऊ रांधते आणि गणपतीच्या दिवसांत गावच्या बायकांच्या नाचमंडळाची शाहीर होते. गाणी ती स्वतःच बांधते. ढोलकीवर कल्पिता आणि मागं ओळी उचलून झील धरायला नेत्रा. तिघी एकाच साली लग्न होऊन या गावात आलेल्या. माहेर दूर पडलं, म्हणून एकमेकींनाच माहेर मानून बसल्या.

भाताची लावणी आटपली की तिघी एक दिवस काढून कोटावर जायच्या. कोट म्हणजे नदी खाडीला मिळते तिथला जुना किल्ला. आधी शेताचे बांध, मग खाडीचा चिखलट बांध, चालता चालता सासवासुनांच्या आणि गुडघ्यांच्या गोष्टी. तटाच्या सावलीत बसून भाकरी आणि वालाचं बिरडं खायचं आणि कमळनं नवी गाणी म्हणून दाखवायची, अशी रीत होती.

गेल्या श्रावणात कमळ जेवण झाल्यावर नदीकडच्या बुरुजापाशी कितीतरी वेळ उभी राहिली. बुरुजात पिंपळ रुजला होता. त्याच्या मुळांनी दगड फोडले होते आणि त्याच मुळांनी ते कवटाळूनही धरले होते. ती तशीच वळली आणि गाऊ लागली,

‘ज्यानं पाडला घराला तडा, त्यानंच घर हे धरलं गं,
उपटून काढता घर ढासळतं, कोण ते सांग ठरलं गं.’

नेत्रानं टाळी दिली. कल्पिता म्हणाली, हा सवाल कुणाला सुटायचा न्हाय. सामना होईपर्यंत गावात कुणापाशी बोलायचं नाही, असं तिघींनी तिथंच ठरवलं.

सामना गणपतीच्या तोंडावर शेजारच्या गावच्या मंडळाशी होता. एकीनं गाण्यातून कोडं घालायचं, दुसरीनं गाण्यातूनच सोडवायचं. त्या मंडळाची शाहीर त्या साली नवी होती, प्राप्ती. कल्पिताची लेक, त्याच वर्षी वैशाखात त्या गावी दिलेली. तिला गाणं शिकवलं होतं कमळनंच. पोरीची सामन्यातली पहिलीच बारी, समोर सासरचा अख्खा गाव. कमळला तिचं कौतुकही होतं, पण सामना तो सामना.

दुपारी मांडव भरला. कमळनं पिंपळाचा सवाल टाकला. लोक एकमेकांकडं बघू लागले. प्राप्ती मात्र थांबलीच नाही. कोट, नदीकडचा बुरूज, त्यातला पिंपळ, सगळं तिनं चालीत बसवून मांडलं. मांडवात शिट्ट्या झाल्या. कोडं आधीच फुटलंय, हे कमळनं ओळखलं.

परतीच्या टेम्पोत कमळ नेत्रावरच घसरली. नेत्राच्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक. “तुझ्या जिभेला हाड न्हाय, नेत्रा,” कमळ सगळ्या बायकांदेखत म्हणाली. नेत्रानं एकदा कल्पिताकडं बघितलं आणि पदर डोक्यावरून ओढून घेतला. कल्पिता टेम्पोच्या मागं पळणाऱ्या रस्त्याकडं बघत होती. त्या दिवसापासून नेत्रा तालमीला आली नाही.

गौरीला प्राप्ती माहेरी आली आणि कमळच्या पाया पडायला गेली. साडीची घडी तिच्या हातात ठेवत म्हणाली, “मावशी, तू आईजवळ जबाब पाठवलास म्हणून माझी लाज राहिली. सासूबाई आता मला नावानं हाक मारतात.”

कमळला आधी उमजेचना. मग सगळं एकदम उमजलं. पोरीचा चेहरा असा फुलला होता की खरं सांगायला जीभ वळेना. “व्हय गं,” ती म्हणाली, “तू काय मला परकी हाईस?” आणि चहा टाकायला आत गेली. 

प्राप्ती सासरी गेल्यावर ती कल्पिताच्या दारात उभी राहिली. कल्पिता तांदूळ पाखडत होती. कमळला बघून सूप खाली ठेवलं.

“जबाब मागितला असतास तर दिला असता,” कमळ म्हणाली. “नाहीतर त्या दिवशी तो सवाल मी घातलाच नसता.”

“म्हणूनच मागितला न्हाय,” कल्पिता म्हणाली. “माझ्या लेकीचं नाकसुद्धा तुझ्याच उपकारानं राहायचं का? पोरीनं चोरीचा जबाब घेतला नसता, म्हणून तेवढं तुझं नाव सांगितलं. इतकी वर्षं तुझ्या गाण्यामागं ढोलकी वाजवली मी.”

कमळ उंबऱ्यालाच टेकून बसली. ढोलकीचा सल तिला समजला. तुला पुढं गायचंय का, असं इतकी वर्षं आपण तिला कधी विचारलं नाही, हेही कळलं. पण दुसरी गोष्ट गिळता येईना.

“आणि नेत्रा? टेम्पोत मी तिला एवढं बोलले, तेव्हा तू गप्प बसलीस.”

 कल्पिता पुन्हा सूप उचलून पाखडायला लागली.

कमळ तशीच नेत्राकडं गेली. दोन्ही हात जोडून चुकले म्हणाली. नेत्रानं तिला पाट दिला, पाणी दिलं आणि म्हणाली, “कल्पिताचं मला तेव्हाच कळलं होतं. तिनं लेकीसाठी केलं. तू तर मला एकदा विचारलंसुद्धा न्हाय.”

यंदा लावणी आटपली तरी कोटावर कुणी गेलं नाही. मंडळात ढोलकीवर दुसऱ्या वाडीतली एक सून बसते, तिचा हात अजून कच्चा आहे. कल्पिता कमळला वाटेत भेटली तर बाजूला होऊन वाट देते. नेत्रा तालमीला यायला लागली आहे. सगळ्यांत मागच्या रांगेत उभी राहते, झील चोख धरते, आणि गाणं संपलं की कुणाची वाट न बघता घरी जाते.