आधी सांग, जवळ कोण आहे?

आक्का गेली त्याला सहा आठवडे झाले. सकाळी चहा घेतला, छातीत कसंतरी होतंय म्हणाली, रिक्षातून दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं. टिळकवाडीतल्या लहानशा फ्लॅटमध्ये आम्ही दोघी बहिणी कितीतरी वर्षं एकत्र राहिलो. ती कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची, मी बँकेत कारकून; लग्नं दोघींचीही झाली नाहीत. आता भेटेल तो विचारतो, कशी आहेस? बरी आहे म्हणते. खरं म्हणजे दमले आहे. माणूस गेल्यावर रडू येतं हे माहीत होतं, इतकं थकायला होतं हे कुणी सांगितलं नव्हतं...

निवृत्तीनंतर आक्कानं ऑनलाइन समुपदेशन सुरू केलं. मागच्या खोलीत लॅपटॉप उघडून, दार लावून बसायची. कुणाची नोकरी गेलेली, कुणाचं लग्न मोडलेलं, कुणी अपघातानंतर गाडीत बसायला घाबरणारं. नावं तिनं मला कधी सांगितली नाहीत. आमच्या सीमाभागात चालतं तसं, कन्नडमध्ये सुरू झालेलं बोलणं रडू आलं की मराठीत यायचं, कधी उलटंही. मला राग यायचा, स्पष्टच लिहिते. जगाचं ऐकून ती बाहेर आली की माझ्यासाठी तिच्यात काही उरलेलं नसायचं. तुझ्याशी बोलायला मीही आता अपॉइंटमेंट घेऊ काय गं, असं एकदा टोचून विचारलं. ती हसली आणि तशीच सोफ्यावर आडवी झाली.

फोन लागला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "आधी सांग, जवळ कोण आहे?" आपल्याकडच्या भरल्या घरात दार लावून फोनवर बोलणाऱ्या सुनेकडे सरळ नजरेनं कोण बघणार? कुणी उसाच्या बांधावर जाऊन बोलायचं, कुणी काचा वर करून गाडीत. एका बुधवारी दुपारी मी चहा घेऊन गेले तर बाईसाहेब चांगली दहा मिनिटं कारळ्याची चटणी शिकवत होत्या. याला समुपदेशन म्हणतात काय, मी नंतर विचारलं. तर म्हणाली, पोरीची सासू आलती खोलीत, ती जाईस्तवर चटणीच. घरच्यांसमोर आक्का म्हणजे त्या पोरीची कुणीतरी नातलग होती.

आक्काला जाऊन आठवडा झाला होता. भेटायला येणाऱ्यांना तीच ती हकिकत सांगून मी विटले होते, आणि बुधवारी दुपारी तिचा मोबाइल वाजला. मी उचलला. आक्का गेली, हार्ट अटॅकनं, एवढंच तुटकपणे बोलले. जवळ कोण आहे, हे विचारायचं सुचलंच नाही. पलीकडे एका पोरीनं हंबरडा फोडला, मागे माणसांची गलबल ऐकू आली आणि फोन बंद झाला.

पुढच्या रविवारी दारात जीप थांबली. संकेश्वरकडच्या एका गावातली माणसं. गाव सांगत नाही, पोरीला वैशाली म्हणू या. वैशाली, तिचा नवरा आणि सासू. दुखवट्याच्या घरी नातलगांनी आणावा तसा भाकरी-पिठल्याचा डबा बरोबर. सासू माझ्या गळ्यात पडून रडली. सुनेची आजोळकडची आक्का गेली आणि आम्ही भेटायला आलो नसतो तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं, असं म्हणाली. आमच्या नात्यात ही माणसं नव्हतीच! मी वैशालीकडे बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बुधवारी फोनवरच्या त्या रडण्याचं कारण घरात द्यावं लागलं असणार, तिनं नातं सांगितलं, आणि नातं म्हटल्यावर भेटायला येणं आलंच. माझ्या त्या एका वाक्यानं पोरगी इथवर ओढली गेली होती. हे उघडं पडलं असतं तर सून डोक्याचे उपचार घेते म्हणून गावभर झालं असतं...

नवरा भला दिसत होता, पण चौकस. लग्नात ह्या आक्का कशा दिसल्या नाहीत, त्यानं विचारलं. तेव्हा तिचं ऑपरेशन झालं होतं, मी ठोकून दिलं. मग थांबलेच नाही. आमची आई आणि वैशालीची आजी चुलतबहिणी, लहानपणी पोरगी सुट्टीत इथंच असायची, आक्काचा तिच्यावर लई जीव... खोटं रचता रचता रडू मात्र खरं आलं. वैशालीनं माझा हात घट्ट धरला होता.

पाणी आणायला उठले तर सासू मागोमाग स्वयंपाकघरात आली. दार अर्धं लोटून घेतलं.

"कशाला तरास घेतलासा वो," ती हळूच म्हणाली. "मला ठावं हाय, त्या आमच्या कोण न्हवत्या."

मी तांब्या तसाच खाली ठेवला. तिनं सांगितलं, वैशालीचं बाळ गेल्यापासून ती जेवत नव्हती, छाती धडधडते म्हणायची, भिंतीकडे बघत बसायची. बुधवारचा फोन झाला की मात्र भाकरी खायची. सासूनं दाराआडून एक-दोनदा ऐकलं आणि सगळं ओळखलं. तेव्हापासून बुधवारी दुपारी ती मुलाला काहीतरी काम काढून रानात धाडायची. सुनेला यातलं काही कळू दिलं नव्हतं. कळलं तर लाजेल, बोलायची बंद होईल, अशी तिला भीती. (पुढे सासू-सुनांचं आपसात बोलणं झालं. दोघींना विचारूनच हे लिहिते आहे.)

"आता कुणासंगं बोलंल ती?" तिनं विचारलं.

आक्काच्या ओळखीच्या, हेच काम करणाऱ्या एक बाई धारवाडला आहेत. त्यांचा नंबर मी निघताना वैशालीच्या हातात गुपचूप देईन, असं आमचं ठरलं. मी कागदावर लिहून घेतला. काम झालं होतं, तरी सासू जागची हलेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

"त्या बाई म्हातारीचं बी ऐकत्यात काय वो?" ती म्हणाली. "नातू माझ्याच मांडीवर गेला. म्या अजून कुणाला बोलले न्हाय."

बाहेरून तिचा मुलगा म्हणत होता, उशीर होतोय, निघू या. थांबा जरा, मी ओरडून सांगितलं. तिला मागच्या खोलीत नेलं, दार लावलं. आक्का नेमकी कशी ऐकायची मला ठाऊक नाही, मी कधी विचारलं नव्हतं. तिच्या खुर्चीत बसायचं धाडस झालं नाही. तिथं म्हातारीला बसवलं, मी पलंगाच्या कडेला टेकले आणि म्हणाले, "सांगा."