हा हौद म्हशींचा नव्हे

दादा गेल्याची तार मिरजेला माझ्या हातात पडली, तेव्हा रडू फुटायच्या आधी मनात आलं, आता हौदाकडे कोण बघणार? माझ्या थोरल्या भावाला कोल्हापुरात 'ड्रॉइंगमास्तर' म्हणून कमी आणि 'हौदवाले मास्तर' म्हणून जास्त लोक ओळखायचे. त्याला जाऊन महिना होत आला, पण आठवण आली की अजूनही हसूच आधी येतं... काय करणार!

हौद बांधला तेव्हा स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं. माझं लग्न व्हायचं होतं, मी दादाकडेच राहायची. त्याच्या मनानं घेतलं, आपल्या अंगणात कमळ फुललं पाहिजे. खणायला घेतलं तर हातभर खाली कातळ. पहार नुसती टणकन वर उडायची. दुसरा कुणी तुळस लावून गप्प बसला असता. दादा म्हणाला, "खाली जमत नाही ना? मग वर बांधू." मग अंगणात चुन्यानं आकार काढायचे आणि पुसायचे, हाच उद्योग. गोल, चौकोनी... शेवटी अष्टकोनी ठरला. उंचीवरून मात्र वहिनीशी जुंपली. ती म्हणाली, छातीएवढा घ्या, रस्त्यानं जनावरं जातात. "मग कमळ बघायला काय शिडी लावू?" म्हणत दादानं तो खुर्चीएवढाच ठेवला. काठावर बसावं, हात पाण्यात सोडावा, शेजारी कमळ डुलावं, असं चित्र त्यानं डोक्यात रंगवलं होतं. म्हशीलाही पाणी प्यायला तीच उंची सोयीची पडते, हे त्या चित्रात कुठंच नव्हतं.

चौकात गिऱ्हाइकांसमोर दूध काढून झालं की गवळ्यांच्या म्हशी संध्याकाळी आमच्या दारावरून परतायच्या. हौद भरला त्याच दिवशी शंकर गवळी कुंपणाशी थांबला आणि पटका सारखा करत हळूच म्हणाला, "लई पुण्याचं काम केलंसा, मास्तर. कुणाच्या नावानं बांधलासा?" घरचं माणूस गेलं की त्याच्या नावानं जनावरांना हौद बांधायचा, एवढंच त्याला ठाऊक. "कुणाच्याबी न्हाय! कमळाचा हाय!" दादा ओरडला. शंकरला वाटलं, मास्तर दुःखानं भ्रमलेत. बातमी वहिनीच्या माहेरी, गारगोटीला पोचली ती अशी, की मास्तरांनी सासूच्या नावानं हौद बांधला. पाठोपाठ सासूबाईच दारात उभ्या! "मी जित्ती हाय की अजून, जावईबापू! एवढी कसली घाई?" दादाचं तोंड बघण्यासारखं झालं. चहा घेऊन त्यांनी हौद निरखला आणि निकाल दिला, "बांधलाच हाय तर पाजा की जनावरांस्नी." वहिनीचंही तेच मत. दादा मात्र कागलच्या एका तळ्यातून कमळाचे कंद घेऊन आला, एस.टी.त शेजारच्या पावण्याच्या धोतरावर अर्धा चिखल सांडून.

पानं भरपूर आली. कळी आली ती एकदाच. दादा शाळा सुटली की पळत घरी यायचा. उमलणार उमलणार म्हणतोय तोवर शंकरच्या म्हशीनं कुंपणातून मान घालून ती मटकावली. दादा रात्री जेवला नाही. वहिनी पदरात तोंड लपवून हसत होती. तेव्हापासून रोज संध्याकाळी तो काठी घेऊन काठावर राखणीला बसायचा. पुन्हा कळी काही धरली नाही. एक कमळ उमललेलं बघायचं होतं त्याला, तेवढंही झालं नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

तेराव्याला सगळ्यांचं ठरलं. कुंपण काढायचं, हौदावर दादाच्या नावाची फरशी बसवायची आणि म्हशींना पाणी मोकळं करायचं. वहिनीनंही मान डोलावली. परवा मी ते बघायला म्हणून गेले, तर कुंपण जागच्या जागी. काठावर वहिनी बसलेली, हातात दादाची काठी. बाहेर शंकर म्हशी घेऊन ताटकळलेला.

"वैनी, मास्तरांच्या नावानं पाजायचं ठरलंतं न्हवं?"

"कुणाच्याबी नावाचा न्हाय," वहिनी कडाडली, "कमळाचा हाय! हाक म्हसरं म्होरं!"

मी जवळ गेले. पानांआडून अंगठ्याएवढी कळी वर आली होती.

"बसा वन्सं," जागा करून देत वहिनी म्हणाली, "तुम्ही त्या अंगाला ध्यान ठेवा."