फूटपट्टीबाईंचे कान

फूटपट्टीबाई हे नाव त्यांना बालवाड्यांतल्या शिक्षिकांनी ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडायचंही. त्यांचं कामच मोजण्याचं होतं. गावभरच्या बालवाड्यांमध्ये जायचं, कोपऱ्यातल्या एखाद्या बुटक्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसायचं आणि सकाळभर वर्ग बघायचा. मूल रडलं तर शिक्षिका खाली बसते की उभ्या उभ्या गप्प करते? प्रश्न विचारल्यावर उत्तराची वाट बघते की स्वतःच उत्तर देऊन मोकळी होते? एखादं मूल आपणहून काही सांगायला आलं तर त्याचं बोलणं पुढे नेते की त्याला वाटेला लावते? या प्रत्येकाला एक ते सात असे गुण असत, आणि त्या गुणांवरून बालवाडीची श्रेणी ठरे. पालक श्रेणी बघूनच मुलांना घालत. त्यामुळे बाई दारात दिसल्या की भल्याभल्या शिक्षिका पदर सावरून उभ्या राहायच्या.

ऑफिसातल्या सगळ्या निरीक्षकांना त्यांनीच तयार केलं होतं. नव्या माणसांना त्या पहिल्याच दिवशी सांगत, "भिंती बघू नका, बोलणं ऐका. रंगवलेल्या भिंतींनी कुठलं मूल शहाणं झालंय?" चूक झाली की चारचौघांत पाणउताराही करत. त्यांच्या जिभेला धार होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. मोठ्या माणसांना चालतं तसं त्यांनाही चालून जायचं.

एकदा त्या ऑफिसातल्या एका मुलीला बरोबर घेऊन गेल्या. तिला नोकरीला लागून दोन वर्षं झाली तरी सगळे तिला 'नवी'च म्हणायचे. अशा जोडीच्या भेटीत दोघींनी स्वतंत्रपणे गुण द्यायचे आणि नंतर ताडून बघायचे, एका गुणापेक्षा जास्त फरक चालायचा नाही, असा नियम होता. बालवाडी एका शिवणकामाच्या कारखान्यामागे होती. भिंतीपलीकडून मशिनींची घरघर सारखी चालू. वर्गातली शिक्षिका तिशी ओलांडलेली, सडपातळ. मुलं तिला हळूबाई म्हणत, कारण तिचा आवाज कधी चढतच नसे.

त्या सकाळी एक मुलगी टेबलाखाली जाऊन बसली. हळूबाई बाकीच्या मुलांना मातीकामाला लावून स्वतःही टेबलाखाली शिरली आणि बराच वेळ तिथेच राहिली. फूटपट्टीबाईंना तिची पाठ दिसत होती आणि पायांचे उलटे तळवे दिसत होते. त्यांनी लिहिलं: शिक्षिका वर्ग सोडून टेबलाखाली बसून राहिल्या, मुलीशी संवाद नाही. गुण दोन.

बाहेर आल्यावर रस्त्याकडेच्या बाकावर बसून दोघींनी कागद जुळवले. नवीने सहा दिले होते.

"दोन आणि सहा? अगं, आपण एकाच वर्गात होतो ना?" फूटपट्टीबाई म्हणाल्या.

नवी हसली. "ताई, ती मुलगी रुसून बसली होती. बाईंनी तिला विचारलं, इथून तुला काय काय दिसतंय गं? ती म्हणाली, पाय. मग कोणाचे पाय काय करतायत, यावर दोघींचं केवढं बोलणं झालं. एक पाय रागावलाय म्हणाली ती! बाई म्हणाल्या, तुला कसं कळलं? तर म्हणाली, तो जमिनीला मारतोय. मग—"

"हे तू ऐकलंस?"

"हो. तुम्ही नाही ऐकलं?"

नवीच्या विचारण्यात काही खोच नव्हती. पण फूटपट्टीबाई चपापल्या. त्यांच्या कानावर त्यातला एक शब्दही पडला नव्हता. 'नाही ऐकलं' एवढं म्हणायला काही लागत नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "शिक्षिका आवडली की आपल्याला हवं ते ऐकू यायला लागतं. सगळ्या नव्या माणसांचं होतं तसं. जे झालं ते लिहायचं, जे व्हावंसं वाटलं ते नाही."

नवीचं तोंड उतरलं. मग "तुम्ही म्हणताय तर तसंच असेल, ताई," असं म्हणून तिने सहा खोडले आणि तीन लिहिले. दोन आणि तीन, म्हणजे नियमात बसलं. फूटपट्टीबाईंनी सही केली.

त्यांना स्वतःबद्दल काहीच कळलं नव्हतं का? तसं म्हणता येणार नाही. मोबाइल वाजतोय हे आताशा त्यांना दुसरी माणसं सांगत. टीव्हीच्या आवाजावरून मुलगा कुरकुरत असे. "आजकाल कोणाला तोंड उघडून बोलायलाच नको," असं म्हणत त्या वेळ मारून नेत आणि विषय तिथेच संपे.

तो संपला नाही तो नातीमुळे. नात चार वर्षांची. एका संध्याकाळी ती हिरमुसून बसलेली पाहून सून म्हणाली, "जा, आजीला सांग ना काय झालं ते. आजीला मुलांचं सगळं कळतं."

"आजीला नको!" नात ओरडली. ते मात्र स्पष्ट ऐकू आलं. "आजी नुसतं हं हं करते."

सुनेने जीभ चावली. फूटपट्टीबाईंनी हसण्यावारी नेलं, पण नात आत गेल्यावर त्यांनी सुनेला विचारलं, "काय सांगत होती ती मला?"

"काही नाही हो आई."

"सांग."

"तिची ती मैत्रीण आहे ना, ते लोक गाव सोडून गेले. काल ती तुमच्या मांडीवर बसून तेच सांगत होती." मग तिने सांगूनच टाकलं, "तुम्ही म्हणालात, अरे वा, छान छान."

फूटपट्टीबाईंनी तिच्याकडे बघितलंच नाही. एखाद्या शिक्षिकेने रडवेल्या मुलाला 'छान छान' म्हटलं असतं, तर त्यांनी तिला एक गुण दिला असता, आणि तोही शून्य देण्याची सोय नाही म्हणून. आपल्या मांडीवर बसून पोर दुःख सांगत होती आणि आपण तिच्या केसांतून हात फिरवत 'अरे वा' करत होतो, हे आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्याच दिवशी त्या कोणाला न सांगता कानाच्या दवाखान्यात गेल्या. काचेच्या खोलीत बसवून तिथल्या मुलीने त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले. आवाज आला की बटण दाबायचं. काचेतून त्या मुलीचा हात दिसत होता. तिचं कोपर हललं की फूटपट्टीबाई बटण दाबत. आयुष्यभर माणसांच्या हालचाली टिपलेल्या डोळ्यांना ते काय अवघड! थोड्या वेळाने मुलगी दार उघडून आत आली आणि तिने खुर्ची उलटी फिरवली.

"आजी, आता भिंतीकडे तोंड करून बसा," एक हेडफोन बाजूला करून ती कानाशी म्हणाली.

एवढ्या वयाची बाई आणि परीक्षेत कॉपी करताना पकडली गेली. भिंतीकडे तोंड होतं हेच बरं, कारण त्यांचे कान लालबुंद झाले होते. त्यानंतर बटण फारसं दाबलं गेलं नाही.

डॉक्टर म्हणाले, "बारीक, उंच आवाज गेलेत. लहान मुलांचे, हळू बोलणाऱ्या बायकांचे. भारदस्त आवाज तुम्हाला नीट येतात, म्हणून लक्षात आलं नसेल."

"कधीपासून असेल?"

"हे एका दिवसात होत नाही. दोन-तीन वर्षं तरी."

दोन-तीन वर्षं. परतताना त्यांच्या डोळ्यांपुढून वर्गामागून वर्ग जात होते. खणखणीत आवाजाच्या शिक्षिकांना सहा, सात. हळू बोलणाऱ्यांना दोन, तीन. मुलं बोलत नाहीत, असं किती वर्गांबद्दल लिहिलं होतं त्यांनी! मुलं बोलत असतील. बोलतच असतील.

फूटपट्टीबाई ऑफिसात साहेबांकडे गेल्या आणि दार लावून सगळं सांगितलं. साहेब भले गृहस्थ, पण कटकट नको असलेले. "ताई, कानाला मशीन लावा आणि विषय सोडा," ते म्हणाले. "श्रेण्या जाहीर झाल्यात. आता उकरून काढलं तर आपल्या सगळ्याच मोजणीवर लोक बोट ठेवतील. उन्नीस-बीस तर सगळ्यांचंच होतं."

आपण भांडायला हवं, हे फूटपट्टीबाईंना कळत होतं. पण त्यांना सुटल्यासारखं वाटलं. "तुम्ही म्हणता तर," असं म्हणून त्या उठल्या. त्या सुटल्यासारखं वाटण्याची पुढे त्यांना कानांपेक्षाही जास्त लाज वाटली.

मशीन आलं. त्यांनी केस कानांवरून ओढून घेतले आणि परत कामाला लागल्या. जग एकदम किती कलकलाट करायला लागलं! कागद चुरचुरत होते, चपला बोलत होत्या. काही आठवड्यांनी पुन्हा नवीबरोबर जोडीची भेट आली. त्या वर्गात एका पोरीने शिक्षिकेला विचारलं, "रात्री सावली कुठे झोपते?" शिक्षिका म्हणाली, "मलाही माहीत नाही. शोधायचं का?" आणि मग खिडकीचा पडदा ओढून सगळा वर्ग सावली शोधायला लागला. फूटपट्टीबाईंनी मान खाली घालून, हावरटासारखा एकेक शब्द मनात साठवला. सहा देऊन त्या बाहेर आल्या.

नवीने तीन दिले होते.

"अगं, ते सावलीचं तू ऐकलं नाहीस?"

"ऐकलं ना."

"मग?"

नवी पायाशी बघायला लागली. "तुम्ही तेव्हा लिहीत नव्हता. मला वाटलं, तुम्हाला ऐकू... म्हणजे, तुम्ही तसलं मोजत नसाल. परत खोडाखोड कशाला."

तो अर्धा शब्द फूटपट्टीबाईंनी बरोबर पकडला. आता त्यांना सगळं ऐकू येत होतं. "तुला माहीत होतं?"

"ऑफिसात सगळ्यांनाच माहीत आहे, ताई." नवीचे डोळे भरून आले होते. "तुम्हाला कोण सांगणार?"

फूटपट्टीबाईंना आता कळलं. लपवलं लपवलं म्हणत होत्या ते उघड्यावरच होतं, आणि त्यांच्या जिभेच्या भीतीने सगळे गप्प होते. त्यांचे कान गेले ते वयाने गेले. पण या पोरीचे चांगले, धडधाकट कान त्यांनी स्वतःच्या हाताने निकामी केले होते.

तिथून त्या तडक साहेबांकडे गेल्या. या वेळी दार लावलं नाही. बाहेरची माणसं ऐकत होती, ती ऐकू दिली. "मी बघितलेल्या सगळ्या बालवाड्या दुसऱ्या कोणीतरी परत बघायला हव्यात. तुम्ही आदेश काढा, नाहीतर मी प्रत्येक बालवाडीत जाऊन सांगते," त्या म्हणाल्या. साहेब चिडले, त्यांनी समजावलं, परत चिडले. शेवटी आदेश निघाला. फूटपट्टीबाईंचं वर्गांत जाणं बंद झालं. बालवाड्यांमध्ये बातमी पसरायला वेळ लागला नाही. बहिरी फूटपट्टी, असं नवं नाव पडलं. या नावात आवडण्यासारखं काही नव्हतं.

हळूबाईला भेटायला त्या स्वतः गेल्या. श्रेणी घसरल्यावर तिथल्या संचालकांनी तिला वर्गातून काढून दारापाशी, प्रवेशाच्या टेबलावर बसवलं होतं. आतून दुसऱ्याच कोणाचा तरी मोठ्ठा आवाज येत होता.

"तुम्हाला मी दोन गुण दिले होते," फूटपट्टीबाई उभ्या उभ्याच म्हणाल्या. "तुम्ही टेबलाखाली त्या मुलीशी जे बोललात, ते मला ऐकूच आलं नव्हतं. माझे कान गेले होते. आणि जिने ऐकलं होतं, तिला मी खोटं पाडलं."

हळूबाई काहीतरी बोलली. पलीकडे मशिनी घरघरत होत्या. मशीन लावूनही शब्द हाती लागले नाहीत. फूटपट्टीबाईंची मान सवयीने हलायला लागली होती, ती त्यांनी आवरली.

"मला ऐकू आलं नाही. परत सांगाल?"

हळूबाईने हातातला कागद बाजूला ठेवला. मग आवाज चढवला. तो चढवणं तिला जड जात होतं. "मी म्हटलं, मी घरी मोठ्याने बोलायची सवय करत होते. आरशासमोर. माझी स्वतःची मुलं विचारायला लागली, आई, तू आमच्यावर का ओरडतेस? मला वाटलं, इतकी वर्षं माझंच चुकत होतं."

फूटपट्टीबाई ऐकायला टेबलावर आणखी वाकल्या.

"तेव्हा विचारलं असतंत," हळूबाई म्हणाली, "तर मी टेबलाखालून बाहेर येऊन सांगितलं असतं हो." आणि समोर आलेल्या एका पालकाकडे वळली.

पुढच्या सत्रात तिला तिचा वर्ग परत मिळाला, असं नवीने सांगितलं. सगळ्यांच्या बाबतीत तसं झालं नाही. दोघीतिघी नोकरी सोडून कधीच्याच गेल्या होत्या, त्यांचा पत्ताही लागला नाही. नवी आता एकटी वर्ग बघायला जाते. जोडीच्या भेटीत तिचे गुण कोणाशी जुळले नाहीत तर ती वाद घालते, असं साहेब तक्रारीच्या सुरात सांगतात, आणि ते ऐकताना फूटपट्टीबाईंना जरा बरं वाटतं. नात मात्र अजून त्यांना काही सांगण्याआधी त्यांचे केस बाजूला करून मशीन आहे ना, ते तपासते. त्या मुकाट्याने तपासू देतात.

परवा दुकानात त्यांना एक शिक्षिका भेटली. आवाज असा, की सगळं दुकान वळून बघेल. "ताई! किती दिवसांनी!" ती म्हणाली. "तुम्ही मला सात दिले होते, आठवतंय? आता ते नवे लोक येऊन चार देऊन गेले. त्यांना काय कळतंय? तुमच्यासारखी नजर हवी."

दुकानदार कौतुकाने बघत होता. नुसतं हसून निघून जाता आलं असतं.

"चारच बरोबर आहेत," फूटपट्टीबाई म्हणाल्या. "तुमचा आवाज मला ऐकू यायचा, म्हणून मी सात दिले. मुलं तुमच्याशी काय बोलतात, ते मी ऐकलंच नव्हतं."

शिक्षिकेचं हसू मावळलं. फूटपट्टीबाईंनी पिशवी उचलली आणि मान खाली घालून त्या घराकडे चालू लागल्या.