लिफ्टमधला डबा

"डब्बा निघाला गा, दरवाज्यात उभा राय."

इंटरकॉमवर एवढंच बोलून चौदाव्या मजल्यावरच्या काकू फोन ठेवत. मग लिफ्ट माझ्या नवव्या मजल्यावर थांबे. आत माणूस नसे. प्लास्टिकच्या स्टुलावर ऐटीत बसलेला स्टीलचा गरम डबा असे. या शहरात मी टिकलो, तो सगळ्यात जास्त या काकूंमुळे.

शहराच्या कडेला, बेसा भागातला आमचा टॉवर म्हणजे मिहानमधल्या कंपन्यांतल्या नोकरीसाठी बाहेरगावाहून आलेल्यांची वस्ती. दुकान, दवाखाना, बँक, सगळं पायी अंतरावर, असं जाहिरातीत होतं, आणि ते खरंही होतं. "पायी अंतरावर हाय, पण पाय तर पायजेत," काकू म्हणत. शहरातल्या जुन्या वस्तीतलं, सक्करदऱ्याचं घर विकून त्या मुलाबरोबर इथे आल्या होत्या. तिथे भिंतीवरून वाटी शेजारी जायची. इथे गुडघे दुखत, म्हणून त्यांनी लिफ्टला कामाला लावलं.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. गावच्या शाळेने मला खूप दिलं, पण एवढ्या बंद दारांपैकी कुठलं वाजवायचं, हे काही मला कळेना. महिनाभरात हरलो. एका रविवारी बॅग भरली आणि कायमचा गावी निघालो. लिफ्ट उघडली, तर आत डबा. बेवारस वस्तूला हात लावू नये, हे मी स्टेशनवर ऐकलेलं. अंग चोरून उभा राहिलो. सहाव्या मजल्यावर एक ताई डब्याकडे हात नेऊ लागल्या, तर "हात लावू नका" म्हणून मी दारच बंद केलं, आणि खाली वॉचमनला कळवलं. त्याने हसत काकूंना फोन जोडून दिला.

"तिचाच होता तो. आता तूच खाय," त्या म्हणाल्या. "पण रिकामा नको आणू."

पायरीवर बसून पाटोडी खाल्ली, झणझणीत रश्श्यातली बेसनाची वडी. डोळ्यांतून पाणी आलं, ते सगळंच तिखटामुळे नव्हतं. तेवढ्यात गावची बस गेली. बॅगेत आईने दिलेली जवसाची चटणी होती. ती डब्यात भरून वर गेलो. काकूंनी चाखली आणि बॅगेकडे पाहिलं.

"कुठं चालून राहिला?"

"गावी. कायमचा."

"मंगळवारी सांबारवडी करून राहिली मी. बुधवारी जाय."

मंगळवारी कोथिंबिरीची ती वडी खाल्ली, तर बुधवारी भरीत निघालं. मग माझं जाणं असंच पुढे पुढे जात राहिलं.

मध्ये सेक्रेटरींनी नोटीस लावली, की लिफ्ट फक्त माणसांसाठी आहे. काकूंनी पुढचा डबा त्यांच्याच मजल्यावर पाठवला. दुसऱ्या दिवशी नोटिशीत पेनाने भर पडली होती: "व झाकण घट्ट लावलेल्या डब्यांसाठी."

यंदा मुलाची हैदराबादला बदली झाली आणि काकू गेल्या. स्टूल अजून लिफ्टमध्ये आहे. त्यावर कोणी बसत नाही. डबा माझ्याकडे राहिला, म्हणून काल पत्र टाकलं:

"काकूंना सा. न.

डबा रिकामा पाठवायचा नाही, म्हणून पाटोडी करून पाहिली. ती रश्श्यात विरघळली. सहाव्या मजल्यावरच्या ताईंनी वरण समजून खाल्ली, वर चांगलं झालंय म्हणाल्या. आता नीट जमेपर्यंत डबा देत नाही. आपली लिफ्ट हैदराबादपर्यंत जात नाही, तेव्हा न्यायला तुम्हीच या. मंगळवारी या. बुधवारी जायचं नंतर बघू."