भागीरथाबाईचं माहेर

भागीरथेला कुणीही 'बाई' म्हणून हाक मारली, की ती त्याची आई होऊन बसायची. तुमसरकडच्या तिच्या गावात आईला बाईच म्हणतात. भिलाईत लोक दुसरं काही म्हणत असतील, तर तो त्यांचा गाढवपणा.

भिलाईच्या स्टील प्लँटमध्ये कामाला असलेला नवरा हिरालाल वारल्यावर ती तिथल्याच कँटीनमध्ये पुऱ्या लाटायला लागली. नेहरू नगरातल्या एका साहेबिणीनं तिला रस्त्यात हटकलं, "ओ बाई, बर्तन करोगी?" तिथं बाई म्हणजे मोलकरीण. भागीरथा खुशाल आत जाऊन बसली. "मायले बलावलं त पयले चहा पाज, पोरी." साहेबीण हसतच सुटली. पुढं तिचं डोहाळजेवण भागीरथेनंच केलं. कुरुदचा दूधवाला केवलराम "मोर बाई रिसागे", म्हणजे माझी बायको रुसली, म्हणत बायकोच्या तक्रारी सांगायचा, कारण छत्तीसगढीत बाई म्हणजे बायको. "बायकोले बाई म्हनतं, त तिचं आयक बी मायसारखं," हा त्याला मिळालेला सल्ला. कॉलनीतल्या शाळेच्या नरहरी मास्तरांनी एकदा समजावलं, की शब्द एकच, पण मुलूख बदलला की नातं बदलतं, आणि मुळाबद्दल तर विद्वानांतही वाद आहेत. "म्हंजे बाकीच्यायचं चुकून राहिलं," ती म्हणाली.

अशी ही खमकी बाई ब्याऐंशी साली लेक विजयाचं लग्न ठरलं तेव्हा मात्र खचली. नवरीला मांडवात मामा घेऊन येतो, आणि भागीरथेला सख्खा ना चुलत, भाऊच नव्हता. शेजारचे देवराव मामा म्हणून उभे राहायला तयार होते, पण उसन्या मामाची तिला लाज वाटे. वऱ्हाडासमोर आपलं माहेर रिकामं दिसणार, या विचारानं घास उतरेना. किराणा दुकानदार बाबुलाल शेठनं सहज विचारलं, "बाई, मामा कौन है?" तिनं पदरानं डोळे पुसले आणि साखर उचलून चालती झाली.

लग्नाच्या सकाळी क्वार्टरपुढं बाबुलाल फेटा बांधून हजर. सोबत बायको-पोरं, हातात साडी-मिठाईनं भरलेली परात. मारवाड्यांत भाचीच्या लग्नाला भाऊ असा मायरा घेऊन येतो. त्यानं साडी भागीरथेच्या खांद्यावर घातली.

"शेठ, हे काय?"

"शेठ काहे का? इतने साल से बाई बोल रहा हूँ. हमारे में बाई बहन को बोलते हैं."

जन्मभर प्रत्येकाच्या हाकेचा अर्थ भागीरथेनं स्वतःच लावला होता, या माणसाला त्याच्या हाकेचा अर्थ कधी विचारला नव्हता. मग आनंदानं तिला जे रडू फुटलं, ते आवरेना. रडता रडताच ती त्याच्यावर तुटून पडली.

"मंग इतके वर्स राखीले कावून नाई आला रे? मी दर राखीले दार लावून बसत होती!"

बाबुलालनं दोन्ही कान धरले आणि भाचीला मांडवात आणायला आत गेला.