पोलीचं आडनाव

प्रोद्रोमोस पोलितिस मला पहिल्यांदा दिसला तो पालकसभेत. उत्तर ग्रीसमधल्या या गावच्या शाळेत कावाला शहराहून बदली होऊन मला आठवडाच झाला होता. फळ्यावरच्या नकाशात मी 'कॉन्स्टँटिनोपल' लिहिलं होतं. मागच्या बाकावरून गावचा हा न्हावी उठला आणि म्हणाला, "मास्तर, खडू कशाला झिजवता? पोली लिहा. शहर म्हटलं की दुसरं आहेच कुठलं?"

सगळे हसले, पण ते खरंच होतं. आमच्याकडे त्या शहराला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, नुसतं पोली, 'शहर', म्हणतात आणि तिथून आलेला तो पोलितिस. तुर्कस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या या गावात बाकीच्यांचे आजे-पणजे तिथल्या खेड्यापाड्यांतून आलेले. पोलीचं म्हणवणारं घर हे एकच. दाढी करताना प्रोद्रोमोस तिथल्या गल्ल्या अशा सांगे, की कालच फिरून आलाय. प्रत्यक्षात त्यानं सीमासुद्धा पाहिलेली नव्हती.

त्याला एकच मुलगी, एव्लांबिया, तेव्हा माझ्या वर्गात. काही वर्षांनी तिचं लग्न ठरलं. आमच्याकडे होणाऱ्या मुलांचं आडनाव, आईचं की बापाचं, लग्नाआधीच कागदावर लिहून द्यावं लागतं. "पोलितिसच लावणार," ती म्हणाली. जावईही कबूल झाला. नाव आपल्याबरोबर संपणार हे दुःख प्रोद्रोमोस वर्षानुवर्षं गिळत होता. त्या दिवशी त्यानं प्रत्येक गिऱ्हाइकाला बडीशेपेची दारू, ऊझो, पाजली.

मग लग्नाच्या साफसफाईत त्यानं आजी-आजोबांच्या लग्नमुकुटांची काचपेटी भिंतीवरून उतरवली. मागे आजोबांचा पोलीतल्या कामाचा जुना दाखला निघाला. गाव पोलीपासून कितीतरी दूर, कप्पादोकियातलं, आडनाव अर्झोग्लू. पोलीत आजोबांनी तीन वर्षं भट्टीवाल्याचे पाव वाहिले होते, एवढंच. ग्रीसला उतरल्यावर बंदरावर कारकुनानं कुठून आलास विचारलं, तेव्हा ते पोली म्हणाले असणार आणि त्यानं पोलितिस लिहिलं असणार.

दोन दिवस प्रोद्रोमोसनं तो दाखला खिशात ठेवूनच दाढ्या केल्या. तिसऱ्या दिवशी माझ्या अर्ध्या गालाला साबण असताना एव्लांबिया आडनावाचा फॉर्म घेऊन आली.

"थांब पोरी," तो म्हणाला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. "हे नाव आपलं नव्हेच. सही करण्याआधी तुला कळायला हवं."

"बाबा, अर्झोग्लू म्हणून तुम्हाला कुणी हाक मारलीय?"

"नाही."

"आणि मला शाळेत, मास्तर?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मग झालं तर. जरा सरका, मला टेबल हवंय. आणि मास्तरांचा साबण वाळतोय."

तिनं तिथंच सही केली. त्यानंतर गल्ल्यांचं वर्णन बंद झालं. कुणी विचारलंच तर तो म्हणे, "आजोबा तिथं पाव वाहायचे."

आता नात चार वर्षांची आहे, आडनाव पोलितिसच. दुकान फक्त बुधवारी आणि शनिवारी उघडं असतं. बाकीच्या दिवशी तिला बालवाडीत सोडायचं आणि घरी सांभाळायचं काम त्याच्याकडे आहे.