नळीवरचा आकडा

चिमे, तीस वर्षं तू लोकांचं रक्त काढलंस, कुणाच्या हातावर कधी काळंनिळं उठू दिलं नाहीस. आणि तुझ्या नोकरीला डाग लावला तो सख्ख्या बहिणीनं. तोंडानं सांगायला जमत नाही, म्हणून लिहिते.

एवढं लिहून थोरलीनं पेन ठेवलं.

ती कॉलेजात शिकवून निवृत्त झालेली. फुप्फुसं हळूहळू कडक होत चाललेली, जिना चढताना धाप लागायची. ती जिथे उपचार घ्यायची, त्याच हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत धाकटी बहीण चिमी कामाला. तिथे एक अभ्यास चालला होता, थोरलीही त्यात होती: रक्तातल्या काही प्रथिनांवरून कुणाची फुप्फुसं झपाट्यानं जातील नि कुणाची सावकाश, हे आधी ओळखता येतं का? चिमी रक्त काढायची, नळी यंत्रात फिरवायची, वरचं पिवळं पाणी वेगळं करून गोठवायची. नळीवर नाव नाही, नुसता क्रमांक. प्रथिनांचे आकडे रोग्यांना सांगायचे नाहीत. ते खरे ठरतात का, हेच तर अजून बघायचं होतं.

थोरलीला कुठला धीर!

"माझ्या नळीवर चिठ्ठी तूच चिकटवतेस ना? मग त्या क्रमांकापुढचा आकडा बघ की!"

"ताई, नोकरी जाईल माझी."

"बहिणीपेक्षा नोकरी मोठी झाली का गं?"

तीन महिने ही भुणभुण. शेवटी चिमीनं पाहिलं. "कमी आहे, म्हणजे बरं असावं. आता गप्प बस."

गप्प बसेल ती थोरली कसली. पुढच्या खेपेला बाकावर शेजारी बसलेल्या फरशी कापणाऱ्या मिस्त्रीला तिनं ऐटीत सांगून टाकलं. मिस्त्री भाबडा. चिमी दारात दिसताच भर व्हरांड्यात ओरडला, "सिस्टर, माझापण आकडा सांगा की, ह्या बाईंना सांगितलात तसा!"

मागेच मोठ्या डॉक्टरीणबाई उभ्या. थोरलीकडे बघत त्यांनी विचारलं, "आकडा कुणी मागितला होता?"

थोरलीला खोकला आला. आला कसला, तिनं आणला. तोंडाला रुमाल लावून खोकतच राहिली. चिमीनं पाणी आणून तिच्या हातात दिलं नि म्हणाली, "कुणी नाही, मॅडम. मीच आपणहून बघितला."

चिमीला नोंदणीच्या खिडकीवर बसवलं. पुन्हा हातात सुई दिली नाही.

"मंगळवारी दोघी जाऊ," थोरली म्हणाली, "मी सांगते त्यांना खरं काय ते."

मंगळवारी चिमी चपला घालून दारात उभी राहिली. थोरली खुर्चीतूनच म्हणाली, "आज दम लागतोय गं. पुढच्या मंगळवारी." दमबिम काही लागत नव्हता. पुढच्या मंगळवारी पाहुणे आले. त्यानंतर चिमीनं विचारलं नाही, आणि थोरलीनं विषय काढला नाही.